वाचकांचे प्रश्न : अंगठा लागत नाही, चेहरा जुळत नाही आणि कॅमेरा सगळीकडं

गेल्या अंकात आधार अपडेटवर चार ओळी छापल्या आणि त्यानंतर हुपरीपासून चंदगडपर्यंत इतके मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सातबारा आणि वारसनोंदीचे प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की घेते, राग मानू नका. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि विषय बघता ती रास्तच आहे.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे. जन्मभर चांदीकाम केलं, पैंजण घासून घासून बोटं गुळगुळीत झाल्यात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागतच नाही. दुकानदार म्हणतो उद्या या, परवा या. आता म्हणतोय ई-केवायसी झाली नाही तर यादीतनं नाव जाणार. काय करायचं? (एक सून, हुपरी)

ताई, सगळ्यात आधी हे पक्कं डोक्यात ठेवा की अंगठा लागला नाही एवढ्या कारणावरनं पात्र माणसाचं धान्य अडवता येत नाही. केंद्राच्या अन्न खात्यानं २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय की आधार नाही, नेट नाही, बोट जुळत नाही अशा कारणासाठी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, रजिस्टरला वेगळी नोंद करून धान्य द्यायचं. हे पत्र निघालं त्याच्या आधीच्या महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली होती, घरच्यांचं म्हणणं भुकेनं गेली, सरकारचं म्हणणं मलेरियानं, पण आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं रेशन बंद होतं, आणि त्यावरनं देशभर ओरड झाली तेव्हा हे पत्र आलं. म्हणून मला ते नुसतं परिपत्रक वाटत नाही.

आता अंगठा का लागत नाही ते. मशीन अख्खा अंगठा बघत नाही, अंगठ्यावरच्या रेषा जिथं संपतात आणि जिथं त्यांना फाटा फुटतो तेवढे बिंदू ते शोधतं आणि आधार काढताना घेतलेल्या बिंदूंशी लावून बघतं. रेषाच झिजल्या तर लावणार काय? चांदी घासणारे, ऊसतोडीचे, गुऱ्हाळावर चुलवाणापाशी राबणारे, घरोघरी भांडी घासणाऱ्या बायका, आणि वयामुळं कातडी सुकलेले सगळे म्हातारे, यांचं सगळ्यांचं हेच दुखणं आहे. म्हणजे ज्यानं हातानं कमावून खाल्लं त्याचाच हात मशीनला ओळखू येत नाही, आणि रेशनची गरज नेमकी त्यालाच जास्त. यात सासऱ्यांची काही चूक नाही, दुकानात त्यांना कुणी तसं ऐकवलं तर ऐकून घेऊ नका.

करायचं असं. अंगठ्याचाच हट्ट नको, दहाही बोटं लावून बघा, बऱ्याचदा करंगळीशेजारचं बोट कमी झिजलेलं असतं. हात धुऊन, पुसून, अगदी किंचित ओलावा ठेवून लावा. दुकानात डोळ्याचं स्कॅनर असेल तर ते मागा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीची सोय विचारा. ई-केवायसीसाठी दुकानातच जायला पाहिजे असं नाही, मेरा ई-केवायसी म्हणून ॲप आहे, त्यात घरी बसून चेहऱ्यानं होतं, उजेडात बसवा आणि चष्मा काढायला सांगा. एकदा आधार केंद्रावर नेऊन बोटं आणि डोळे नव्यानं द्या, सव्वाशे रुपये लागतात, पावती घ्या. थकलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्यानं धान्य उचलायची सोयपण नियमात आहे, त्यासाठी अर्ज द्यायचा.

आणि एवढं करूनही "उद्या या" असंच ऐकावं लागलं तर तोंडी भांडत बसू नका. हातकणंगले तहसीलच्या पुरवठा शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या, तारीख, दुकान नंबर, किती वेळा परत पाठवलं ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. १९६७ वर फोन करून तक्रार नंबर घ्या. पोच हातात असली की बोलण्याची भाषाच बदलते हो.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, कॉलेजला आहे. मैत्रिणींबरोबर दसरा चौकात एका मोर्चाला गेले होते. बाबा म्हणतात सगळीकडं कॅमेरे आहेत, तुझा चेहरा आता रेकॉर्डला गेला, पुढं नोकरीला अडचण येईल. खरंच असं होतं का? (एक विद्यार्थिनी)

शांततेनं मोर्चाला जाणं हा तुझा हक्क आहे, राज्यघटनेच्या १९ व्या कलमात लिहिलेला. तो आधी सांगते कारण बाबांची काळजी ऐकून तू पुढच्या वेळी घरी बसशील, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

आता कॅमेऱ्याचं. नुसता सीसीटीव्ही म्हणजे रेकॉर्डिंग, ते कुणीतरी बसून बघायला लागतं. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वेगळं, ते तुझ्या डोळ्यांमधलं अंतर, नाकाची, जबड्याची ठेवण याचे आकडे बनवतं आणि त्या आकड्यांची एक रांग त्याच्याकडच्या लाखो रांगांशी ताडून बघतं. त्याचं उत्तर कधीच "हो" किंवा "नाही" नसतं, "इतके टक्के जुळतंय" असं असतं. किती टक्क्यांना जुळलं म्हणायचं ते वापरणारा ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की ८० टक्क्यांच्या वर गेलं की ते जुळलं असं धरतात. आता हा ८० चा आकडा कुठल्या कायद्यात आहे? कुठल्याच नाही. आणि त्याच दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये हरवलेली मुलं शोधण्याच्या प्रकरणात हायकोर्टात सांगितलं होतं की सॉफ्टवेअरची अचूकता २ टक्के आहे. दुसऱ्या वर्षी महिला आणि बालविकास मंत्रालयानं तर सांगितलं की ते एक टक्क्याच्या पण खाली आहे आणि मुलगा मुलगी यातला फरकही त्याला कळत नाही.

मग म्हणशील, चुकतंय तर भ्यायचं कशाला? चुकतंय म्हणूनच. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये एका काळ्या माणसाला घड्याळं चोरल्याच्या संशयावरनं बायकोमुलींसमोर दारातनं बेड्या घालून नेलं, तीसेक तास कोठडीत ठेवलं, कारण काय तर दुकानातल्या अंधुक फोटोशी त्याचा जुना लायसनचा फोटो जुळला. माणूस वेगळाच होता. ही चूक सगळ्यांच्या बाबतीत सारखी होत नाही हे पण लक्षात घे. २०१८ मध्ये एमआयटीतल्या संशोधनात चेहऱ्यावरनं नुसतं बाई की पुरुष एवढं ओळखायला लावलं होतं, तर गोऱ्या पुरुषांमध्ये चूक एक टक्क्याच्या आत आणि काळ्या बायकांमध्ये एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची ३४ टक्क्यांच्या वर.

आपल्याकडं हे वापरलं जातं का? जातं. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की मतदार ओळखपत्र आणि ड्रायव्हिंग लायसनचे फोटो सॉफ्टवेअरला देऊन अकराशेच्या वर माणसं ओळखली. दंगलखोर सापडले पाहिजेत याबद्दल वाद नाही, पण मतदान करायला म्हणून जो फोटो दिला तो पोलीस तपासाला वापरायचा हे कुणी कधी ठरवलं, कुणाला विचारलं, हा प्रश्न उरतोच. हैदराबादमध्ये २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये एका कार्यकर्त्याला रस्त्यात अडवून मास्क खाली करायला लावून पोलिसांनी फोटो काढला, त्यानं त्याविरुद्ध तेलंगणा हायकोर्टात याचिका केली. आपल्या राज्यात पोलिसांकडं ॲम्बिस नावाची यंत्रणा आहे, त्यात आरोपींचे बोटांचे ठसे, डोळे, चेहरे एकत्र साठवतात, आणि २०२४ मध्ये पोलिसांसाठी एआयची मार्व्हल ही कंपनी राज्य सरकारनं काढली.

चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर भारतात वेगळा असा एकही कायदा नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी कायदा पाहिजे, मग योग्य कारण पाहिजे, आणि कारणाच्या मानानं उपाय बेताचा पाहिजे. या तीन पायऱ्यांपैकी पहिलीच इथं नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला खरा, पण त्यात केंद्र सरकारला आपल्या कुठल्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणानं सूट द्यायची मुभा ठेवलीय. युरोपनं मात्र फेब्रुवारी २०२५ पासून पोलिसांना सार्वजनिक जागी चालू कॅमेऱ्यावरनं चेहरे ओळखायला मोजके अपवाद सोडून बंदी केलीय. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

तुझ्या नोकरीचं विचारलंस. चारित्र्य पडताळणीत गुन्हे बघतात, आणि शांततेच्या मोर्चात चालणं हा गुन्हा नाही. बाबांना हे वाचून दाखव.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही. कॅमेऱ्यामुळं चेन स्नॅचर सापडतात, हरवलेली पोरं सापडतात. एवढा आरडाओरडा कशासाठी? (एक वाचक, कागल)

गुरुजी, चोर सापडावेत असं मलापण वाटतं. पण तुम्ही कागलचे म्हणून तुम्हाला आपल्याच मातीतली गोष्ट आठवून देते.

इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला, त्यात काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. अशा लोकांना रोज चावडीवर, पोलीस पाटलाकडं हजेरी द्यायला लागायची, दुसऱ्या गावाला जायचं तर परवानगी, आणि गावात काही चोरीला गेलं की आधी हजेरीतलीच माणसं उचलायची. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात काही चोरलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यांच्याकडंही काही नव्हतं गुरुजी, तरी ती हजेरी त्यांच्या पोराबाळांपर्यंत चिकटली. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी कामं दिली, जवळ केलं. ब्रिटिश मुलखातला कायदा त्यानंतर अजून तीसेक वर्षं चालला, देशभरातनं तो गेला १९५२ मध्ये. गुन्हा झाल्यावर माणूस शोधायचा की माणसांची यादी आधीच करून गुन्ह्याची वाट बघायची, यातला फरक महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळला होता.

चौकाचौकात जर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसले तर ती सगळ्यांचीच हजेरी झाली, फक्त आपल्याला चावडीवर जायला लागत नाही आणि आपली हजेरी घेतली हे आपल्याला कळतही नाही. तुम्ही कुठल्या डॉक्टरकडं जाता, कुणाच्या घरी किती वेळ बसता, कुठल्या सभेला जाता. आज बघणारा सज्जन असेल, उद्या कोण असेल? आणि बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा काय बदलणार? चेन स्नॅचरसाठी साधा सीसीटीव्ही ठेवा, त्याला कोण नाही म्हणतंय, पण त्याचं रेकॉर्डिंग किती दिवस राहणार, कोण बघणार, कुणाच्या परवानगीनं बघणार, हे लिहून ठेवा आणि लोकांना दाखवा एवढंच मागणं आहे. यातलं अवघड काय आहे?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा. गणपती मिरवणुकीत मारामारी झाली, त्यात त्यालापण अटक झाली. पोलिसांनी दहा बोटांचे ठसे, डोळ्यांचे आणि चेहऱ्याचे फोटो घेतले. नंतर दोन्हीकडच्यांनी कोर्टात तडजोड केली, केस मिटली. ते ठसे आता कायम राहणार का? (एक वडील, इचलकरंजी)

दादा, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि केस मिटली की घरचे हे विसरून जातात, तुम्ही विसरला नाही हे चांगलं केलं.

२०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा आला, त्यानं १९२० चा जुना कैदी ओळख कायदा गेला. नव्या कायद्यात बोटं, तळहात, पावलं, डोळ्यांचं बुबुळ आणि पडदा, सही, हस्ताक्षर सगळं घेता येतं, आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं घेतल्या दिवसापासून ७५ वर्षं राहतं. तुमचा मुलगा ९५ वर्षांचा होईपर्यंत! म्हणून आत्ताच हालचाल करा. त्याच कायद्यात असंही आहे की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला किंवा खटल्याविना सुटला, आणि पुढचं अपील वगैरे सगळं संपलं, तर त्याची नोंद नष्ट करायची, कोर्टानं कारण लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. आणि तडजोडयोग्य गुन्ह्यात कोर्टासमोर झालेल्या तडजोडीचा परिणाम कायद्यानं निर्दोष सुटल्यासारखाच असतो.

पण आपोआप काही होत नाही, मागायला लागतं. कोर्टातनं आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. ती जोडून राज्य सरकारनं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडं नोंद नष्ट करण्यासाठी अर्ज द्यायचा, त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात, दोन्हीकडची पोच घ्या. दोन तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर वकिलाशी बोला, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, मुंबईला हेलपाटे घालायला नकोत.

आणखी एक, बाकीच्या मंडळांच्या पोरांसाठी. फक्त जमावबंदी मोडली किंवा खबरदारी म्हणून ताब्यात घेतलं, दुसरा कुठला गुन्हा नाही, अशा वेळी हे ठसे वगैरे घ्यायचे नाहीत असं नियमात आहे. हे पोरांना तोंडपाठ करून ठेवायला सांगा.

प्रश्न : मी चंदगड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या आहाराच्या नोंदीच्या सरकारी ॲपवर बाईचा चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही असं सांगितलंय. इथं रेंज नाही, बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाईचा मोबाईल नवऱ्याकडं असतो, ओटीपी तिकडं जातो. आहार नाही दिला तर बाई आम्हाला बोलते, दिला तर वरनं विचारणा होते. (एक सेविका)

सेविकाताई, तुमचं वाचून खरंच चीड आली. १ जुलै २०२५ पासून चेहरा पडताळणी सक्तीची केलीय, का तर मधे आहार गळू नये म्हणून. गळती थांबावी हे ठीक, पण जी बाई तुमच्या समोर सातव्या महिन्याचं पोट घेऊन उभी आहे, जिला तुम्ही लहानपणापासून ओळखता, तिला ओळखायला मोबाईल लागतो आणि मोबाईल नाही म्हणाला तर तुमच्या डोळ्यांना किंमत नाही, हे मला पटत नाही. गरोदर आणि स्तनदा मातेला आहार मिळणं हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे, त्या कायद्यात चेहरा जुळण्याची अट कुठं लिहिलेली नाही. आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलंय.

तुम्ही एकट्या पडू नका. चेहरा जुळला नाही, रेंज नव्हती, ओटीपी आला नाही, प्रत्येक वेळेची तारीख, वेळ, स्क्रीनशॉट वहीत ठेवा आणि पर्यवेक्षिकेला दर महिन्याला लेखी द्या, जमलं तर बीटमधल्या सगळ्याजणींनी सह्या करून. संघटनेलाही एक प्रत द्या. मग विचारणा झालीच तर उत्तर कागदावर आधीच दिलेलं असेल.

प्रश्न : तिरुपतीला रूम घेताना चेहऱ्याचा फोटो काढला. पुणे विमानतळावर डिजियात्रा घ्या म्हणून मागं लागतात. दोन्ही सक्तीचं आहे का? (एक वाचक, शाहूपुरी)

डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर कागद न दाखवता चेहऱ्यावरनं आत जायची सोय, अजिबात सक्तीची नाही. डिसेंबर २०२२ ला सुरू झाली तेव्हापासून ती ऐच्छिकच आहे, तिकीट आणि ओळखपत्र दाखवून साध्या रांगेतनं जाता येतं, कुणी हातातनं मोबाईल घेऊन फोटो काढायला लागलं तर स्पष्ट नको म्हणा. तिरुपतीला मार्च २०२३ पासून रूम आणि डिपॉझिट परत घेताना चेहरा बघतात, दलालांना आळा घालायला. तिथं फोटो न देता रूम मिळणं अवघड, पण तो फोटो किती दिवस ठेवता हे देवस्थानाला मेल करून विचारायला काही हरकत नाही.

प्रश्न : अंगठ्याचा ठसा चोरून बँकेतनं पैसे काढतात म्हणे. खरं आहे का? (एक गृहिणी, गांधीनगर)

खरं आहे. तेलंगणात २०१८ मध्ये जमीन नोंदणीच्या वेबसाईटवरच्या दस्तांमधनं लोकांचे अंगठे उतरवून त्यांचे नकली ठसे बनवल्याचं प्रकरण सापडलं होतं. आधारच्या वेबसाईटवर किंवा ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे तुमचा अंगठा, डोळे, चेहरा आधार पडताळणीला चालत नाही, फुकट आहे. मात्र रेशनला अंगठा लावायच्या आधी ते थोड्या वेळापुरतं उघडायला विसरू नका. तिथंच तुमचं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठं कुठं वापरलं ती यादीपण दिसते, महिन्यातनं एकदा बघत जा. काही वेडंवाकडं दिसलं तर १९४७ वर फोन करा.

प्रश्न : आमच्या चौकातल्या कॅमेऱ्यांमागं चेहरा ओळखायचं सॉफ्टवेअर आहे का, हे सामान्य माणसानं विचारायचं कसं? (तालमीतले चार मित्र, शिवाजी पेठ)

माहिती अधिकारात. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळं भाषण नको, नेमकं विचारा. मी असं विचारेन : अमुक चौकातल्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलंय का, त्याची वर्क ऑर्डर आणि करारनाम्याची प्रत, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात त्याचा लेखी आदेश, आणि ते बघायचा अधिकार कुठल्या पदाला आहे. "का" असं विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत, कागदाची प्रत मागा. एक अर्ज महापालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडं, एक पोलीस अधीक्षक कार्यालयात.

३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तपासाला बाधा येते असं सांगून नाकारतील, तर कराराची प्रत आणि साठवणुकीचा आदेश यानं कुठल्या तपासाला बाधा येते असं लिहून त्याच कार्यालयात वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा, ते पण नाही जमलं तर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं. चौघंजण चार वेगवेगळ्या चौकांचं विचारा आणि जे काही उत्तर येईल, नकारसुद्धा, त्याची झेरॉक्स आमच्या पत्त्यावर पाठवा. ती याच सदरात छापते.